पितळी कडी

"ही कडी?" हिर्लेकर सरांनी माझी कागदाच्या लगद्याची कडी दोन बोटांत धरून अख्ख्या वर्गाला दाखवली. "राजाचे शिपाई मागे लागलेत, माणूस जीव मुठीत धरून पळत देवळाच्या दाराशी आलाय, आणि तो हे धरणार?"

मग त्यांनी मूठ आवळली. उन्हात वाळवून, वर सोनेरी बेगड चिकटवून केलेली माझी कडी करकरली आणि तिचे तुकडे झाले. पुढच्या बाकावरच्या मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या.

"मेला माणूस," सर म्हणाले आणि तुकडे माझ्या बाकावर झटकले.

मला हा माणूस आवडत नव्हता आणि त्याला मी आवडत नव्हते. याबद्दल आमच्या दोघांत कधीच गैरसमज नव्हता. विट्याजवळच्या आमच्या गावात ते बदली होऊन आले तेव्हा मी नववीत होते. उंच, वाळलेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले. धडा नुसता वाचून दाखवणं त्यांना पटायचं नाही. मध्ययुगातला युरोप ते आम्हाला गोष्टी सांगून, गाणी म्हणायला लावून आणि वस्तू करायला लावून शिकवायचे. ऐकायला हे फार गोड वाटतं. पण गोष्टीच्या मध्ये कुणी खोकलं तर सर थांबायचे आणि त्याचा खोकला संपेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघायचे. गाणं बेसूर झालं की म्हणायचे, "यापेक्षा प्लेगात मेलेले बरे गात असतील." पतंगाच्या कागदांचं चर्चचं तावदान, पुठ्ठ्याचा हातमाग, पोत्याचं चिलखत, असं काय काय आम्ही वर्षभर केलं आणि प्रत्येक वस्तूमागे एकेक अपमान गिळला.

कडीची गोष्ट त्यांनी आदल्या आठवड्यात सांगितली होती. त्या काळी तिकडे मोठ्या चर्चच्या, म्हणजे त्यांच्या देवळांच्या, दारावर एक जाड कडी असायची. चोर असो, खुनी असो, कर्जबुडवा असो, ज्यानं पळत येऊन ती कडी धरली त्याला कुणी हात लावायचा नाही. चाळीस दिवस तो देवळाच्या आसऱ्याला राहायचा आणि मग त्याचा काय तो निर्णय व्हायचा.

"आणि राजानंच हात धरून ओढला तर?" मी विचारलं होतं.

"राजाला कोण अडवणार? ओढू शकतो," सर म्हणाले. "पण मग त्याला राजा कोण म्हणणार? नियम कडीत नसतो, शालन. बघणाऱ्यांत असतो. तुझ्या डोक्यात हे शिरणार नाही, तरी लिहून घे."

आता त्यांनी माझ्या कडीचा हातावरचा भुगा पुसला आणि म्हणाले, "गलाईवाल्यांच्या घरातली ना तू? मग धातूची करून आण. शनिवारी प्रदर्शन आहे. नाही आणलीस तर दारावर तुलाच टांगतो."

आमच्या भागातली माणसं सोन्याचांदीची गलाई करायला, म्हणजे ते भट्टीत वितळवून शुद्ध करायला, देशभर पांगलेली. कुणाचं दुकान कानपुरात, कुणाचं कटकात. आमचं सेलमला होतं. आमचं म्हणजे थोरल्या आबांचं, माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाचं. वडील तिथे त्यांच्या हाताखाली भट्टीवर बसायचे. तेजाबाचा धूर छातीत जाऊन जाऊन एक दिवस खोकतच घरी आले, परत गेलेच नाहीत, इथेच वारले. त्यांची धातू वितळवायची मूस, चिमटा आणि छोटा भाता तेवढा माळ्यावर राहिला. तेव्हापासून आमच्या घरात चूल पेटायची ती आबांच्या मनिऑर्डरीवर, आणि आबा ही गोष्ट कुणाला विसरू द्यायचे नाहीत.

त्या दिवशी शाळेतून आले तर दारात आबांच्या चपला.

आबा सोप्यात पाटावर बसले होते. आई आतून ताट घेऊन आली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. तिनं ताट आबांच्या पुढ्यात हातभर लांब जमिनीवर ठेवलं, ती मागे सरली, आणि मगच आबांनी ताट ओढून घेतलं. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीच्या हातातून काही घेत नाही. तिच्या वाटेत येत नाही, तिच्या पदरालाही शिवत नाही, आणि तीही त्याच्यासमोर बोलत नाही. मी आईचा आवाज आबांच्या देखत कधीच ऐकला नव्हता. लहानपणी मला वाटायचं, आबा आले की ती मुकी होते.

"सोमवारी सेलमला निघायचं," आबा घास कालवत म्हणाले. "तुज्या चुलतीची कंबर धरलीया. अंथरूण सोडंना. तीन पोरं हाईत, दुकानातली चार माणसं जेवायला. तू येतीस संगं."

"आणि शाळा?"

"नववी झाली की. पोरीच्या जातीला तेवढी बास."

"झाली कुठं? परीक्षा हाय अजून. आनि पुढं धाव्वी..."

"जीभ लई वळवळाय लागलीया," आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले. "कुणाच्या जिवावर वळवळती ते एकदा आईला इचार."

मी आईकडे बघितलं. ती चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होती. मी वाट बघितली. तिनं नुसती मान हलवायची होती, तेवढंही मला पुरलं असतं. आबा म्हणाले, "ताक," आणि ती ताक आणायला आत गेली.

त्या क्षणी मला आबांचा जेवढा राग आला त्याच्या दुप्पट आईचा आला. आबा परके होते. ही तर माझी होती.

दुसऱ्या दिवशी आबा तालुक्याला गेले तशी मी माळ्यावर चढून वडिलांची मूस आणि भाता खाली काढला. सेलमला जायचंच असेल तर जाईन, पण त्या हिर्लेकराच्या तोंडावर कडी मारून जाईन, असं डोक्यात होतं. ओल्या मातीत गोल खाचेचा साचा केला, परसात विटा मांडून कोळसे पेटवले. वडील सुट्टीला आले की असंच करायचे आणि मी बाजूला बसून बघायचे. पण भाता एका हातानं मारायचा आणि चिमटा दुसऱ्या हातानं धरायचा हे मला साधेना. कोळसे लाल व्हायचे आणि परत काळे पडायचे.

आई मागच्या दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. वडील गेल्यापासून त्या भात्याला तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. मी मार खायच्या तयारीत बसले.

"काय वतनार हाईस त्यात?" तिनं विचारलं.

"मोडकी समई."

"तेवढ्यात न्हाई भागायचं."

ती आत गेली आणि तिचा तांब्या घेऊन आली. माहेरून आलेला, पितळेचा, काठाखाली तिचं नाव टोचलेला. आनसा. लग्नाआधी टोचलेलं नुसतं नाव, त्याच्यापुढे ना बापाचं ना नवऱ्याचं.

"ह्यो कशाला?" मी म्हणाले.

"चेपलाय त्यो," आई म्हणाली. तांब्या खालच्या बाजूला जरा चेपलेला होता खरा, पण त्यातून ती रोज पाणी प्यायची.

तिनं दगडावर ठेवून तो ठेचला, तुकडे मुशीत टाकले आणि भात्यापुढे बसली. असा भाता मारला की निखारे पांढरे पडले. मी अजून तिच्यावर धुमसत होते. मला वाटलं, पोरीसाठी तोंड उघडता येत नाही म्हणून तांब्या देऊन भरपाई करतेय. तशी भरपाई मला नको होती, पण कडी हवी होती. पितळ वितळून डोळ्यापुढे लखलखलं आणि मी ते चिमट्यानं साच्यात ओतलं. कडी निघाली ती जाड, ओबडधोबड, एका बाजूला फुगलेली. दोघींचे हात मावतील एवढी मोठी झाली होती.

शाळेत सरांनी ती हातात घेऊन वजन बघितलं. मी शाबासकीची वाट बघत नव्हते, आणि ती मिळालीही नाही.

"वाकडी आहे," ते म्हणाले. "पण चालेल. तिकडच्यासुद्धा वाकड्याच असतील."

शनिवारी प्रदर्शन शाळेच्या नव्या सभागृहात होतं. सभागृह आबांच्या देणगीतून झालेलं, दाराच्या वर आबांच्या नावाची संगमरवरी पाटी. त्या पाटीखाली सरांनी स्वतः स्क्रू पिळून माझी कडी दाराला बसवली. बाजारचा दिवस असल्यामुळे गाव लोटलं होतं. आम्ही पोत्याचे अंगरखे घालून मागापाशी उभ्या राहिलो आणि सरांनी जात्याच्या ओवीच्या चालीवर बसवलेलं विणकरांचं गाणं म्हटलं:

*विणीतो मी विणीतो, धन्यासाठी शेला,*
*विणणारा विणकर, उघडाच मेला.*

बायकांना गाणं फार आवडलं. एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, तिकडं बी असंच व्हय!" मग दाराशी कडीचा खेळ झाला. एक मुलगा चोर झाला, पळत आला, कडी धरली, पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन आलेले शिपाई थबकले. सरांनी जमलेल्या माणसांना नियम सांगितला. वर्गात सांगायचे तसाच, आवाज न चढवता. लोकांना मजा वाटली. कुणीतरी ओरडलं, "सर, आमच्या सोसायटीला बसवा की अशी एक!"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. मुख्याध्यापक वाकून वाट दाखवत होते आणि मागून आबा येत होते. हातात तार.

"सेलमला गिऱ्हाइकांनी दंगा मांडलाय," आबा मला म्हणाले. "आजच निघायचं. मिरजेला गाडी हाय. चल, हे फडकं काढ."

"सोमवारी म्हणाला हुता."

"आज म्हंतोय."

"मी येनार न्हाई."

चार माणसांत असं उत्तर आबांना कुणी दिलं नसेल. त्यांनी माझा दंड धरायला हात पुढे केला. मी मागे सरले, मागावरून उडी मारली, सुतं तटातट तुटली आणि मी दाराशी जाऊन दोन्ही हातांनी कडी धरली. मी काही विचार करून धरली नव्हती. आणखी धरायला तिथे काही नव्हतंच.

आधी सगळे हसले. आबाही हसले. मग ते पुढे आले आणि त्यांचं हसू गेलं, कारण हिर्लेकर सर मध्ये उभे होते.

"हात लावायचा नाही," सर म्हणाले.

"काय?"

"तिनं कडी धरली आहे."

"अवो मास्तर, खेळ हाय त्यो!"

मुख्याध्यापक घाईघाईनं म्हणाले, "सर, पुरे झालं आता. आबासाहेबांना गाडी गाठायची आहे."

"मी या मुलांना वर्षभर सांगतोय की हा नियम होता आणि माणसं तो पाळायची," सर म्हणाले. "आत्ता, या लोकांसमोर पुन्हा सांगितलं. तुम्ही पहिल्याच झटक्याला तो मोडलात तर सोमवारी मी वर्गात जाऊन काय शिकवू?"

"तुमी सोमवारी ह्या साळंत असशीला तर ना!" आबा कडाडले. "ही पाटी वाचली का वर? कुनाचं नाव हाय?"

सरांनी खरंच मान वर करून पाटी वाचली. "तुमचं," ते म्हणाले. "म्हणजे आसरा तुमच्याच दारात मागितलाय तिनं. मग तर विचार करा."

गर्दीतून कुणीतरी खिदळलं. "आबा, राजाला बी जमत न्हाई म्हनं!" आबांच्या मानेवरची शीर टरारून फुगली. सरांना ढकलून मला ओढणं त्यांना अवघड नव्हतं. सर म्हणजे काय, फुंकर मारली तर उडाले असते. पण अख्खं गाव बघत होतं, आणि पोरीशी ओढाताण करताना दिसणं आबांना परवडणारं नव्हतं.

"ठीक हाय," ते म्हणाले. "मी न्हाई हात लावत. हिची आई सोडवंल. बोलवा आनसाला!"

कुणीतरी पळालं. मी कडी धरून उभी होते. मनात म्हणत होते, येऊ दे तिला. ताक आणायला जशी गेली तशीच येईल, माझी बोटं एकेक करून सोडवेल आणि मला त्यांच्या हवाली करील. सरांना काय, त्यांचा नियम तर पाळला गेला असता.

आई आली. पदर नाकापर्यंत. हात पिठाचे, तशीच भाकरी टाकून आलेली. माणसांनी वाट दिली. आबा नेहमीच्या सवयीनं दोन पावलं मागे सरकले.

"आनसा," ते दुसरीकडे बघत म्हणाले, "सोडव तिचा हात. गाडी चुकंल."

आई माझ्यापर्यंत आली. मी दात आवळून म्हणाले, "आलीस?"

तिनं पिठाचा हात वर केला आणि माझ्या हातांवर ठेवला. मी ओढली जायची वाट बघत डोळे मिटले. पण तिनं ओढलं नाही. तिची बोटं माझ्या बोटांवरून कडीत गेली आणि आवळली गेली. मग दुसरा हात.

"आनसा!" आबा ओरडले. "आगं सोडव म्हनलं, धर न्हवं!"

आईनं पदराआडून, तिकडे पाठ करूनच उत्तर दिलं. आवाज चिरकत होता. कित्येक वर्षांत न वापरलेला.

"माज्या तांब्याची हाय ही कडी," ती म्हणाली. "माजा नवरा न्हेला त्या भट्टीवर. पोरगी न्हाई द्यायची."

आबा झपाट्यानं पुढे आले. सर मध्ये यायला निघाले, पण मुख्याध्यापकांनी त्यांना धरलं. आता मला वाचवायला कुणी उरलं नव्हतं. आबांचा हात माझ्या मनगटाकडे आला आणि तिथेच थांबला.

मला आधी कळेना का. मग मी आमच्या हातांकडे बघितलं. माझी बोटं दिसतच नव्हती. वर सगळीकडे आईचे हात होते. माझा हात ओढायचा तर आधी तिचा धरावा लागणार होता. धाकट्या भावजयीचा हात, भर बाजारच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर. आबांनी आयुष्यभर तिच्या हातातून पाण्याचा पेला घेतला नव्हता.

त्यांचा हात हवेत तसाच राहिला. मघाच्या म्हातारीनं आपला पदर सावरला आणि ती आबांकडे नुसती बघत राहिली. सगळेच बघत होते. आबांनी हात खाली घेतला, तार चुरगाळून खिशात कोंबली आणि कुणाकडे न बघता ते दारातून, स्वतःच्या नावाखालून, निघून गेले.

पुढे जे व्हायचं ते झालं. मनिऑर्डर थांबली. आई दुसऱ्यांच्या रानात तण काढायला, भांगलायला जाऊ लागली आणि आबांनी आमच्या घरचं पाणी वर्ज्य केलं. हिर्लेकर सरांची बदली वर्ष संपायच्या आत झाली. जायच्या दिवशी मी त्यांना नमस्कार करायला गेले तर म्हणाले, "हे बघ, तू मला आवडायचीस म्हणून मी मध्ये पडलो नाही. अंगरखा तू उलटा घातला होतास त्या दिवशी. शिवण बाहेर." आज मी स्वतः इतिहास शिकवते आणि वर्गात कुणी खोकलं तर थांबून त्याच्याकडे बघते. त्यांचं एवढं एक मी घेतलं.

पण मला त्या दिवसाचं शेवटचं जे आठवतं ते वेगळंच. आबा गेले, गर्दी पांगली, मुलं पुठ्ठ्याच्या तलवारी गोळा करायला लागली. माझ्या बोटांना कळ लागली होती.

"आई," मी म्हणाले, "गेले आबा."

"गेले व्हय?"

"गेले. सोड आता. हात दुखतोय."

तिनं बोटं थोडी सैल केली, मी माझे हात काढून घेतले. तिनं मात्र कडी सोडली नाही. डोकं दाराला टेकून ती तशीच उभी होती आणि पदराआड तिचे खांदे हलत होते. हिर्लेकर सर स्क्रू काढायला पेचकस घेऊन आले आणि दोन पावलांवर थांबले.

"संपलं प्रदर्शन," ते म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "आता सोडलीत तरी चालेल, बाई."

"जरा ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली.